पवित्र शास्त्रातलं राज्य, कायदा आणि शेजारधर्म : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमचा बायबल अभ्यासवर्ग रविवारी संध्याकाळी भरतो. मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसं असतात, तशी शेजारपाजारची, कॉलेजात शिकणारी, सोसायटीच्या कमिटीवर काम करणारी मंडळीही येऊन बसतात. राज्य, कायदा आणि एकत्र राहणं हा विषय निघाला की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं लिहून ठेवली आहेत. ती एका विश्वासणाऱ्याची आहेत आणि विश्वासानेच लिहिली आहेत.

बायबल हा धर्मग्रंथ. त्यात राज्यकारभाराचं काय काम?

भरपूर आहे. निर्गमाचं पुस्तक उघडा. सुरुवातच वेठबिगारीपासून होते. मिसरात इस्राएली लोक विटा पाडताहेत. फारो त्यांना पेंढा देणं बंद करतो, पण विटांचा रोजचा आकडा तोच ठेवतो. त्या मजुरांचा आक्रोश देवाच्या कानी जातो आणि तिथून पुढची सगळी हकिकत घडते. सीनाय पर्वतावर दहा आज्ञा मिळाल्या, त्यांचं पहिलं वाक्यही हेच सांगतं, की तुम्हाला दास्यातून बाहेर काढणारा तो मी. म्हणजे हा कायदा ज्यांना दिला ते कालपर्यंत गुलाम होते, आणि ते त्यांनी विसरू नये अशी पदोपदी आठवण आहे.

पुढचे नियम तर अगदी रोजच्या जगण्यातले. कोणी खड्डा उघडा टाकला आणि त्यात दुसऱ्याचा बैल पडला तर भरपाई खड्डा खणणाऱ्याने द्यायची. अनुवाद या बायबलमधल्या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात आहे, की नवं घर बांधलंस तर धाब्याला कठडा कर, नाहीतर वरून पडून मेलेल्या माणसाच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. अर्ध्यावर आलेल्या इमारतीचा सातवा मजला, लिफ्टच्या उघड्या पोकळीपुढे आडवी बांधलेली एक सुतळी आणि शेजारी खेळणारी मजुराची दोन पोरं, हे पुण्यात ज्याने पाहिलंय त्याला हा नियम जुना वाटणार नाही. देवाला कठड्याची काळजी आहे. ही एवढी गोष्ट कळली तरी पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात.

राज्याबद्दल शास्त्राचं मुख्य म्हणणं काय?

माझ्या मते एकच. राज्यकर्ता कायद्याखाली आहे, आणि त्याचा कारभार कसा आहे ते सर्वांत दुबळ्या माणसाच्या दारातून पाहायचं.

अनुवादाच्या १७व्या अध्यायात राजासाठी नियम दिले आहेत. त्याने घोडे वाढवू नयेत, बायका वाढवू नयेत, सोनं-रुपं साठवू नये. गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि जन्मभर रोज वाचावी, म्हणजे भावाबंदांपेक्षा आपण मोठे असं त्याला वाटणार नाही. सैन्य, अंतःपुर आणि खजिना हीच तर त्या काळच्या राजांची शान. तिलाच इथे कुंपण घातलं आहे. शलमोनाने तिन्ही कुंपणं मोडली. १,४०० रथ, १२,००० स्वार, ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी हा आकडा शास्त्रानेच नोंदवून ठेवला आहे. इतक्या ज्ञानी राजाचाही हिशेब झाकलेला नाही.

दावीदाचं तसंच. त्याने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत पुढे ठेवून मारवलं. नाथान संदेष्टा दरबारात येऊन त्याला एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगतो. दावीद चिडून म्हणतो, असं करणारा मरणदंडाला पात्र आहे. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. पुण्याच्या वाचकाला इथे रामशास्त्री प्रभुणे आठवल्यावाचून राहणार नाहीत. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, तेव्हा रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा तो न्यायाधीश. दोघांच्याही हाती शस्त्र नव्हतं, आणि दोघांनीही ज्याचं अन्न खाल्लं त्यालाच दोषी ठरवलं. फरक पडला तो ऐकणाऱ्यात. दावीद म्हणाला, मी पाप केलं आहे.

नाबोथाची गोष्ट याहून काळी आहे. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा भाजीसाठी हवा होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. मग ईजबेल राणीने राजाच्या शिक्क्याची पत्रं धाडली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, आणि सगळं कायदेशीर दिसेल अशा रीतीने नाबोथाला दगडमार करवला. उपास जाहीर झाला, सभा भरली, साक्ष झाली. एका गोष्टीतही कागदोपत्री उणीव नव्हती. एलीया संदेष्टा तिथे जाऊन अहाबाला विचारतो, तू खून करून वर वतनही बळकावलंस काय? कायद्याचा सांगाडा शाबूत ठेवून न्याय कसा मारला जातो, हे मला या अध्यायाइतकं कुठेच स्पष्ट दिसलेलं नाही.

मग बायबलला राजेशाही हवी की लोकशाही?

कुठलीही एक पद्धत देवाने कायमची लावून दिलेली नाही. लोकांनी राजा मागितला तेव्हा शमुवेल संदेष्ट्याने आधी किंमत सांगितली. तो तुमचे मुलगे रथांपुढे धावायला नेईल, मुली स्वयंपाकाला नेईल, चांगली शेतं आपल्या सेवकांना देईल, धान्याचा दशांश घेईल. तरी लोकांनी हट्ट केला. त्याआधी रानात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडे करत बसायचा. सासरा इथ्रो भेटीला आला, त्याने ते पाहिलं आणि सांगितलं, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. माणसं कशी, तर कर्तबगार, देवाला भिणारी, सत्यप्रिय आणि लाचेचा तिटकारा असलेली. मत देताना उमेदवाराची जात विचारण्याऐवजी या चार गोष्टी विचाराव्यात, असं मी वर्गात सांगत असतो.

रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं आहे. म्हणजे सरकार म्हणेल ते मुकाट्याने ऐकायचं?

अधीन राहायचं, कर द्यायचा, मान द्यायचा, हे खरंच. मिळकतकर चुकवून चर्चमध्ये दानधर्म करणाऱ्याला हा अध्याय मोकळं सोडत नाही. पण हे पत्र लिहिणारा पौल त्याच ठिकाणी सांगतो, की अधिकारी हा तुझ्या हितासाठी देवाचा सेवक आहे. सेवक म्हटला की त्याच्यावर धनी आला, आणि धन्याला हिशेब देणंही आलं.

आज्ञा देवाच्या आज्ञेविरुद्ध जाते तिथे शास्त्रातली माणसं नाही म्हणतात. मिसरात शिप्रा आणि पुवा या सुइणींना फारोने मुलगे मारायला सांगितलं होतं. त्यांनी ते जगवले. देवाची प्रार्थना करायला बंदी असतानाही दानीएलाने खिडकी उघडी ठेवून प्रार्थना केली. पेत्र आणि प्रेषित न्यायसभेपुढे म्हणाले, की माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे. यांपैकी कोणी दंगा केला नाही, आणि शिक्षा चुकवायला कोणी पळालंही नाही.

आपल्या पुण्याचंच उदाहरण आहे. १८९७ मध्ये प्लेगची साथ होती. सरकारी बंदोबस्तात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती, रमाबाईही ख्रिस्ती. गव्हर्नर नाराज झाले, पण बाईंनी धर्मबंधू म्हणून त्यांची गय केली नाही. राज्यकर्ता आपल्या धर्माचा असला की त्याला प्रश्न विचारायचा नसतो असं मानणाऱ्या प्रत्येकाने, कुठल्याही धर्माचा असो, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

तुम्हाला भारतात ख्रिस्ती राज्य आणायचं आहे का?

नाही. लोक बळजबरीने राजा करायला आले तेव्हा येशू डोंगरावर निघून गेला. पिलातापुढे तो म्हणाला, माझं राज्य या जगाचं नाही. तलवारीने किंवा बहुमताने लादलेला विश्वास हा विश्वासच नव्हे. बाबिलोनात बंदिवान होऊन गेलेल्यांना यिर्मयाने पत्र धाडलं होतं, की घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा. आम्ही पुण्यात त्याच आज्ञेने राहतो. संविधानाचं २५वं कलम आम्हाला श्रद्धेचं जे स्वातंत्र्य देतं तेच शेजाऱ्यालाही देतं, आणि ते दोघांनाही असावं असंच आम्हाला वाटतं.

डोळ्याबद्दल डोळा, दगडमार, हे सगळं आज लागू करायचं का?

डोळ्याबद्दल डोळा हा सुडाचा परवाना म्हणून सांगितला जातो. तो सुडाला घातलेला लगाम आहे. एक दात पाडला म्हणून वाडा जाळायचा नाही. नुकसान जेवढं तेवढाच दंड, आणि श्रीमंताला नि गरिबाला सारखाच. येशूने तर त्याहून पुढे नेलं.

मृत्युदंडाचे नियम कठोर आहेत, ते मऊ करून सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. इस्राएल हे त्या काळी करारात बांधलेलं एक विशिष्ट राष्ट्र होतं. मंडळी हे राष्ट्र नाही, तिच्या हाती तलवार दिलेली नाही. यरुशलेमेतल्या सभेत, प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये, परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर मोशेच्या नियमशास्त्राचं ओझं लादायचं नाही असं ठरलं. नियमामागचा न्याय मात्र आम्ही सोडत नाही. मरणदंडासाठी एका साक्षीदारावर भागत नसे, दोन किंवा तीन लागत. आणि खोटी साक्ष देणारा दुसऱ्यावर जी शिक्षा आणू पाहत होता तीच त्याला भोगावी लागे.

गुलामगिरीला बायबलची मान्यता नाही का?

हा प्रश्न टाळू नये. कर्जापायी विकल्या गेलेल्या इस्राएली माणसाला सातव्या वर्षी सोडायचं, तेही रिकाम्या हाताने नाही, तर कळप, खळं आणि द्राक्षकुंड यांतलं देऊन. पळून आलेला दास मालकाला परत द्यायचा नाही. माणूस पळवून विकणाऱ्याला मृत्युदंड. हे त्या काळात विलक्षणच होतं. पण लेवीयच्या २५व्या अध्यायात परराष्ट्रीय दास वारशाने ठेवण्याची मुभाही आहे, आणि ती वाचताना मला अवघड जातं. शेवटी मी बायबलच्या अगदी सुरुवातीचा आधार घेतो, की प्रत्येक मनुष्य देवाच्या प्रतिरूपात घडला आहे. तिथून पाहिलं तर कोणाच्याही गळ्यात पट्टा शोभत नाही.

मजुरी आणि कामवाल्या मावशींबद्दल शास्त्र काय सांगतं?

इथे शास्त्राला सांगायचंच पुष्कळ आहे. मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला आहे, असं अनुवाद २४ मध्ये आहे. मजूर मग आपल्या भाऊबंदांपैकी असो की उपरा. याकोब तर म्हणतो, अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी पोचतं.

सकाळी मजूर अड्ड्यावर जाऊन उभं राहा. मराठवाड्यातून आलेली जोडपी असतात. गोणपाटात गुंडाळलेली थापी, पाटी, फावडं, कडीचा डबा. मोटरसायकल थांबली की दहा जण भोवती गोळा होतात आणि भाव तिथल्या तिथे पाडला जातो. साडेदहाच्या पुढे जे उरतात ते बहुधा म्हातारे, नाहीतर अंगावर मूल असलेल्या बाया. मत्तयच्या २०व्या अध्यायातला मालक पाचव्यांदा बाजारात जातो तेव्हा त्याला अशीच माणसं भेटतात. इथे रिकामे का उभे, असं तो विचारतो. ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलं नाही. मालक त्यांनाही दिवसाची पूर्ण मजुरी देतो. हा दाखला देवाच्या कृपेचा आहे हे मला माहीत आहे, पण तो सांगायला येशूने मजूर अड्डा निवडला, हे मी सोडून देऊ शकत नाही.

आता घरातलं. मावशींचा पगार एक तारखेला ठरला असेल तर एक तारखेलाच द्यावा. दहा तारखेपर्यंत "साहेब गावाला गेलेत" चालत नाही. आठवड्याची सुट्टी द्यावी आणि ती कापू नये. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेत मालकाच्या विसाव्याबरोबर दास, दासी, बैल, गाढव आणि दारातला उपरा, सगळ्यांचा विसावा नाव घेऊन सांगितला आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. मावशींची नोंदणी करायला त्यांच्याबरोबर जाणं, फॉर्म भरून देणं, हेही धर्माचंच काम आहे.

सरकारी ऑफिसात चहापाणी दिल्याशिवाय काम होत नाही. काय करायचं?

लाच डोळसाला आंधळं करते, असं निर्गम २३ मध्ये आहे. देणारा नाइलाजाने देतो आणि घेणारा हक्काने घेतो, आणि मधला एजंट दोघांनाही पाप लागल्यासारखं वाटू देत नाही. माझं उत्तर आहे की देऊ नका. खेपा वाढतील, काम लांबेल. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, माहितीच्या अधिकारात विचारा. जकातदार बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे आले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला लावलं नाही. ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका, एवढंच सांगितलं. म्हणून सरकारी नोकरीतल्या आमच्या भावाबहिणींना मी सांगतो, तुमचं टेबल हीच तुमची सेवा. जक्कय नावाच्या जकातदाराने तर ज्यांचं फसवून घेतलं त्यांना चौपट परत केलं.

न्याय करताना गरिबाचीच बाजू घ्यायची ना?

नाही. लेवीय १९ सांगतं, की गरिबाची भीड धरू नको आणि बड्याचं तोंड राखू नको. त्याच धर्तीवर निर्गमात आहे, की पुष्कळ जण वाईट करतात म्हणून त्यांच्यामागे जाऊ नको. सोसायटीच्या जनरल बॉडीत सगळ्यांनी हात वर केला तरी ठराव अन्यायाचा असू शकतो.

योबेल वर्ष म्हणजे काय? आज त्याचा उपयोग?

दर ५०व्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत. विक्रीची किंमतही योबेलापर्यंत किती पिकं येतील त्यावर ठरायची, म्हणजे विकली जायची ती पिकं, जमीन नव्हे. कारण देव म्हणतो, भूमी माझी आहे. हे वर्ष प्रत्यक्ष पाळल्याची एकही हकिकत शास्त्रात सांगितलेली नाही, तरी देवाच्या मनात काय आहे ते त्यातून कळतं. बापाच्या चुकीने किंवा दुष्काळाने नातू कायमचा भूमिहीन होऊ नये.

पुण्याच्या भोवतालच्या गावांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत काय झालं ते आपण पाहिलंय. जमिनीचा पैसा आला, गाड्या आल्या, लग्नं दणक्यात झाली, आणि पुढची पिढी त्याच जमिनीवरच्या कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभी राहिली. मी हे कोणाला नावं ठेवायला म्हणत नाही. जमीन विकताना पोरांच्या नावाने काही राखावं, वाटणीत भावाला फसवू नये, आणि बांध कोरू नये. शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवू नको, ही आज्ञा अनुवादाच्या १९व्या अध्यायात शब्दशः आहे.

मुलींना वारसा मिळतो का?

सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे आणि सगळ्या सभेपुढे उभ्या राहिल्या. बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का बुडावं, असं त्यांनी विचारलं. देव म्हणाला, त्या बरोबर बोलतात. पुढे त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अटही आली, पण हक्क मान्य झाला. आजचं विचाराल तर मृत्युपत्र नसल्यास भारतीय वारसा कायदा १९२५ नुसार ख्रिस्ती मुलामुलींचा वाटा सारखाच आहे. "बहिणीने हक्कसोड करून दिली" म्हणून आनंद मानणाऱ्या भावांनी गणना २७ वाचावं.

परगावच्यांना, परधर्मीयांना घर भाड्याने द्यावं का?

द्यावं. उपऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसरात तुम्हीही उपरे होता, असं लेवीय १९ म्हणतं. नियम देशजाला आणि उपऱ्याला एकच. पुण्यात शिकायला आलेल्या मुलांना आडनाव, खाणं, चेहरा पाहून नकार मिळतो. ख्रिस्ती घरमालकांकडूनही मिळतो. करारपत्र करा, पोलीस नोंद करा, डिपॉझिट सगळ्यांना सारखंच सांगा, आणि घर सोडताना रंगाच्या नावाखाली ते गिळू नका.

मंडळीत जात उरली आहे का?

लग्नाच्या वेळी दिसते, कधी कमिटीच्या निवडणुकीतही दिसते. ख्रिस्तात यहुदी-हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास-स्वतंत्र हा भेद नाही असं पौलाने लिहिलं. तेच वचन म्हणणारा बाप मुलीच्या स्थळाला पूर्वीची जात विचारतो, तेव्हा तो सुवार्तेविरुद्ध साक्ष देत असतो. यापेक्षा सौम्य शब्द मला वापरता येत नाही.

चुकलेल्याला मंडळीतून काढणं म्हणजे बहिष्कारच ना?

मत्तय १८ मध्ये क्रम आहे. आधी त्याला एकांतात भेट. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने. मग मंडळीला सांग. तिचंही ऐकलं नाही तर तो तुला परराष्ट्रीय किंवा जकातदार यांच्यासारखा होवो. आमच्याकडे पहिल्या तीन पायऱ्या गाळून थेट चौथी गाठतात, आणि पहिली पायरी म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. शिवाय जकातदारांशी येशू कसा वागला? त्यांच्या पंगतीला जेवला. हे लिहून ठेवणारा मत्तय स्वतः जकातनाक्यावरून उठून आलेला. म्हणजे त्या माणसाच्या हाती सेवेची जबाबदारी राहणार नाही, पण त्याच्या घरचं पाणी तोडायचं नाही, मयताला खांदा द्यायला जायचं नाही असं करायचं नाही.

पुण्याला ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराचा वाद, माहीत आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवरही ते आलं होतं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केला. तो आम्हालाही लागू आहे, आणि लागू असायलाच हवा.

हे नियम मुळात यहुदी लोकांचे. तुम्ही ते का सांगता?

त्यांचेच आहेत, आणि आम्हाला त्यांच्याकडूनच मिळाले. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, १८६७ चं. कोकणात तेलाच्या घाण्यावर काम करणारे बेने इस्रायल यहुदी शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आम्ही शब्बाथाची वचनं मराठीत वाचायला लागलो त्याच्या कितीतरी आधी या मातीत शब्बाथ पाळला जात होता.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

निर्गम २० ते २३ आधी, मग लेवीय १९ आणि २५, मग अनुवाद १५ ते २५. १ शमुवेल ८ आणि १ राजे २१ एका बैठकीत होतात. आमोस पूर्ण वाचावा, तो लहान आहे. नव्या करारातलं डोंगरावरचं प्रवचन, लूक १९, रोमकरांस १२ आणि १३ सलग, आणि याकोबाचं पत्र. कमिटीवर किंवा कुठल्याही पदावर असाल तर नहेम्या ५ सर्वांत आधी. सावकारीने लोकांची शेतं आणि मुलं गहाण पडली तेव्हा त्या सुभेदाराने सरदारांना भर सभेत जाब विचारला, शेतं परत करवली, आणि स्वतः १२ वर्षं सुभेदारीचा भत्ता घेतला नाही.